गंजावर रंग मारला की झालं?

डिलाईल रोडला, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्गाला, माझ्या मामेभावाची सेकंडहँड गाडी बारा महिने रस्त्याकडेला उभी असते. चाळीत माणसांनाच जागा पुरत नाही, गाडीला कुठून मिळणार? वर खारी हवा आणि चार महिने पाऊस. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आले. एका गॅरेजवाल्याने तोडगा सांगितला, "वरून रंग मारून देतो, कळणार पण नाही."

कळणार नाही, हीच तर भीती. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. वरून कितीही रंग मारा, आत त्याचं काम चालूच.

शेवटी आम्ही दोघांनी घरीच केलं. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं. आरपार गेला असता, तर पत्रा कापून जोडणाऱ्याकडेच जावं लागलं असतं. नाही गेला. मग धुऊन, सुकवून फुगे खरवडले. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, कडा २२० ने सपाट केल्या. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक अॅसिडवालं औषध लावलं, हातमोजे घालून. ते सुकल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून त्याच दिवशी प्रायमर मारला. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी पुन्हा तांबूस. रंग सगळ्यात शेवटी. आणि दाराखालची पाणी जायची भोकं पानांनी बुजली होती, ती मोकळी केली. खरं कारण तिथं होतं!

आता मुद्द्याचं. याच डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला. तपासणीची घाई सुटली ती त्याच महिन्यात अंधेरीला गोखले पुलाचा भाग पडल्यावर. नवा पूल पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं लोकांनी वळसे घातले. मावळात कुंडमळ्याला तर इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. फलक लावला, पूल तसाच. आमच्या गॅरेजवाल्याचा तोडगा तरी वेगळा काय होता?

पावसाळ्याआधी पुलाचे कठडे रंगवल्याचे फोटो आम्हा पत्रकारांना न चुकता येतात. पुढच्या वेळी तुम्हीही विचारा: रंगाच्या आधी घासलं का, आणि पाणी जायची भोकं कुणी बघितली?