पंधरा रुपयांत वर्षभर

अमेरिकेत पुतण्याकडे गेलो होतो, तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पत्र्याचा रेडिओ पाहिला. त्याला नाणं टाकायची फट होती. 1940 च्या दशकात तिकडच्या मोटेलांच्या खोल्यांत, दवाखान्यांत असे रेडिओ बसवलेले असत. नाणं आत पडलं की रेडिओ सुरू. ठरलेली वेळ भरली की आतलं घड्याळ वीज तोडायचं. मग गाणं कडव्यात असो की ध्रुवपदात!

आमच्या जठारपेठेत रेडिओ पैसे मागत नसे, सरकार मागायचं. दरवर्षी बाबा पोस्टात जात आणि लायसन्सच्या पुस्तिकेत तिकिटं लावून आणत. माझ्या आठवणीतला दर पंधरा रुपयांचा. लायसन्स नसेल तर दंड. "तपासणीवाला आला" असं कुणी म्हटलं की आई घाईनं रेडिओवर चादर टाकायची. लायसन्स कपाटात असूनही!

तो व्हॉल्व्हचा रेडिओ तापायलाच वेळ घ्यायचा. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तोवर आमचा ओटा भरलेला असे. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. अमीन सयानींचं वाक्य अर्ध्यात बुडालं की शेजारची मामी ओरडायची, "अरे, वाढव ना बाप्पा आवाज!" पैसे एका घरानं भरलेले, ऐकणारी सगळी गल्ली. चौकातल्या हॉटेलवाल्याला धंद्याचं लायसन्स घ्यावं लागे, घरच्यापेक्षा महाग. आम्ही एका कट चहावर तिथं तासभर गाणी ऐकायचो. आमचं नाणं ते.

नोकरी लागल्यावर मी ट्रान्झिस्टर घेतला. तो खिशात मावत नव्हता, पण कातडी पट्ट्यानं खांद्याला लटकायचा. त्यालाही लायसन्स लागलंच. पुढे 1980 च्या दशकात ही फी गेली आणि पुस्तिका निकामी झाल्या. आता मोबाइलचं रिचार्ज संपलं की गाणं थांबतं, आणि कानात बोंडं असल्यानं शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. माझ्या मते पोस्टातला तो पंधरा रुपयांचा सौदाच बरा होता.

बाबांची पुस्तिका मला सापडली नाही, घर बदलताना रद्दीत गेली असावी. तुमच्या माळ्यावर एखादी असेल तर टाकू नका. नातवंडांना दाखवा, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, हे त्यांना नुसतं सांगून पटत नाही.