हाताची सफाई आणि इस्लाह

उर्दू शायरीत 'इस्लाह' असते. शागिर्द गझल लिहितो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा शेर सरळ कापून टाकतो. इक्बालांनी तरुणपणी दाग देहलवींना टपालाने गझला पाठवल्या, त्या याचसाठी. हातचलाखी करणाऱ्याला अशी इस्लाह सहसा मिळत नाही. बघणारे टाळ्या तरी वाजवतात, नाहीतर भिडेखातर गप्प बसतात.

नाणं लपवायला मी आरशासमोर शिकलो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग आणि समोर करंगळीखालचा उंचवटा, यांच्यामध्ये नुसत्या दाबावर नाणं धरायचं आणि बोटं सैल सोडायची. वह्या तपासतानाही मी ते धरून असे. नाणं पडेनासं व्हायला काही महिने पुरतात, हात रिकामा दिसायला फार वेळ लागतो. आणि आरसाही दगा देतो. नेमकं नाणं लपवताना आपल्याच पापण्या मिटतात, म्हणजे बघायचं तेच राहून जातं.

स्टाफरूमने वाहवा केली. सहावीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, आपका सीधा हाथ मरा हुआ लगता है." एवढी नेमकी इस्लाह मला कुणी केली नव्हती. तेव्हापासून नाणं असलेल्या त्याच हाताने मी खडू उचलतो, फळा पुसतो. कामात असलेल्या हाताकडे कुणी संशयाने बघत नाही.

दुसरी टीका आमच्या मोहल्ल्यातल्या एका मौलवीसाहेबांची. "मास्टरसाब, हे सिहर आहे." मी म्हणालो, यात ना जिन्न ना मंतर, नुसता सराव आहे. ते म्हणाले, फिरऔनच्या जादूगारांनीही हजरत मूसांसमोर लोकांच्या नजराच बांधल्या होत्या. बघणाऱ्याला काय वाटतं ते सांगा. या प्रश्नात दम होता. १९५६ मध्ये पी. सी. सरकारांनी बीबीसीवर मुलीला करवतीने कापण्याचा खेळ केला, तेव्हा ती खरंच मेली असं समजून घाबरलेल्या लोकांनी फोन केले होते. आमची मुलं तर लहान. मी खेळ सोडला नाही, पण 'छू मंतर' सोडलं, आणि ही हाथ की सफाई आहे हे आधीच सांगू लागलो.

मग मजा काय उरली, असं एका सहकाऱ्याने विचारलं. ही टीका मात्र मी घेतली नाही. आधी सांगितलं की वर्ग बाक सोडून पुढे सरकतो, चाळीस पोरं हातावर डोळे रोखून बसतात, आणि घाम मला फुटतो.