मायनस एक

कॅमेऱ्याला गोरं-सावळं काही कळत नाही. त्याला कळतो फक्त करडा. समोर काहीही ठेवा, आतला लाइट मीटर ते मधल्या करड्या छटेचंच आहे असं धरून चालतो. तोच तो 18 टक्के ग्रे! म्हणून पांढरी भिंत मळकट येते आणि काळी मांजर राखाडी. मास कॉमला असताना हे पाठ केलं होतं. कामाला आलं ताईच्या बायोडेटासाठी.

स्टुडिओवाल्याने ताईला दोन शेड गोरं करून दिलं होतं. आई खूश. ताई मात्र वैतागली, ‘‘हा फोटो बघून येणारा मुलगा मलाच विचारेल, मुलगी कुठाय? तू काढ गं. आहे तशी.’’

जानेवारीतला रविवार, सकाळचे आठ, मरीन ड्राइव्ह. वेळ मुद्दाम निवडलेली. तेव्हा ऊन इमारतींच्या मागे असतं, कठड्यापर्यंत सावली आणि समोर मोकळं आभाळ. डोळे मिचकावणं नाही, नाकाखाली काळा पट्टा नाही.

ताईला मागे समुद्र हवा होता. म्हटलं, चल! मीटरने ते उजळ आभाळ-पाणी पाहून एक्स्पोजर उतरवलं आणि ताईची झाली नुसती काळी आकृती. मग स्पॉट मीटरिंग लावून थेट तिच्या गालाचं रीडिंग घेतलं. आता मीटरला वाटलं, अरेच्चा, इथे अंधार आहे! त्याने प्रकाश वाढवला. ताई गोरी, स्टुडिओसारखीच, तेही फुकटात.

दोन्हींत माझी ताई नव्हती.

मग मी कठड्याला टेकले, तिचं तोंड समुद्राकडे केलं. रीडिंग गालाचंच, पण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस एक, म्हणजे मीटर मागतोय त्याच्या निम्मा प्रकाश. (हा आकडा ताईचा हं. अगदी गोऱ्या चेहऱ्याला प्लस एक लागेल.) स्क्रीनवर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम पाहिला. आलेख उजव्या कडेला आपटत नव्हता, म्हणजे पांढऱ्या कुर्त्यावरची चिकनकारी शाबूत. आणि तिचा तो तांबूस-सावळा रंग, हसताना गालावर येणारी चमक, सगळं जागच्या जागी.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. ‘‘उजेड कमी होता का गं?’’

‘‘बरोब्बर होता,’’ ताईच बोलली.

फोटो तिघांना गेला. एकाचं उत्तरच नाही, एकाचा नकार. तिसरा शनिवारी कॉफीला भेटतोय. पोहे करणार नाही, हे ताईने आधीच कळवून टाकलंय.