घडीचा फोन : ४५ हजारांचा फरक आणि ४३ खुणा



चौथीच्या वर्गात तुलना शिकवताना मी नेहमी एक खोडी काढते. दोन मुलांना पुढे उभं करते आणि विचारते, "या दोघांत मोठा कोण?" अर्धा वर्ग एकाचं नाव ओरडतो, अर्धा दुसऱ्याचं. मग मागून कुणीतरी हळूच विचारतं, "बाई, कशात मोठा? उंचीत की वयात?" हा प्रश्न आला की माझा निम्मा पाठ झाला असं मी समजते. कशात ते ठरल्याशिवाय तुलना होतच नाही.

मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. स्वतःसाठी फोन बघायची वेळ आली तेव्हा मात्र हाच प्रश्न विचारायला विसरले. त्याचीच ही गोष्ट.

फोनची हौस कुठून आली

डी.एड.ला असताना आमच्या तुकडीतल्या एका मुलीकडे तिच्या मामाने दिलेला मोटोरोलाचा रेझर फोन होता. २००४ साली निघालेलं ते पातळ, घडीचं मॉडेल. बोलणं संपलं की ती तो टक् करून मिटायची. आम्ही सगळ्या जणी त्या आवाजाकडे बघत राहायचो! तेव्हापासून घडीचा फोन माझ्या मनात घर करून होता.

पुढे मोठ्या सपाट पडद्याचे फोन आले आणि घडीचे फोन मागे पडले. मग काच वाकवण्याचं तंत्र आलं. २०२० साली सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी झेड फ्लिप आणि मोटोरोलाचा नवा रेझर असे दोन्ही भारतात आले. त्या वेळी सॅमसंगची किंमत होती ₹१,०९,९९९ आणि मोटोरोलाची ₹१,२४,९९९. म्हणजे आज ज्याला आपण 'स्वस्तातला' म्हणतो, तोच तेव्हा महाग होता. दोन्ही किमती बघून मी बातमी मिटवली आणि भाकरी टाकायला उठले.

दिवाळीत दोन्ही फोन हातात

२०२४ च्या दिवाळीत माझा जुना फोन अगदी टेकीला आला होता. दुपारी तीनलाच बॅटरी संपायची. फरकाचे थोडे पैसे खात्यात जमा झाले होते. त्यात पुण्याहून वहिनी आल्या, त्यांच्याकडे सॅमसंगचा गॅलेक्सी झेड फ्लिप ६. आणि भाऊबीजेनंतर आमच्या केंद्रातल्या एका मॅडम भेटल्या, त्यांनी नुकताच मोटोरोला रेझर ५० घेतला होता. दोघींनीही फोन मनसोक्त हाताळू दिला. मी वही काढली, मधोमध रेघ मारली आणि लिहायला बसले. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

बाजारात आले तेव्हा फ्लिप ६ ची किंमत होती ₹१,०९,९९९ आणि रेझर ५० ची ₹६४,९९९. वजाबाकी केली की बरोबर ₹४५,००० उरतात.

आता या ४५ हजारांत काय मिळतं ते बघू.

उघडल्यावर फ्लिपचा पडदा ६.७ इंच, रेझरचा ६.९ इंच. बाहेरचा छोटा पडदा फ्लिपचा ३.४ इंच, रेझरचा ३.६ इंच. बॅटरी फ्लिपची ४००० एमएएच, रेझरची ४२००. वजन १८७ ग्रॅम आणि १८८ ग्रॅम, म्हणजे तराजूलाही फरक कळणार नाही. मुख्य कॅमेरा दोन्हींचा ५० मेगापिक्सेलचा. इथपर्यंत लिहून झालं आणि मी स्वतःशीच हसले. कारण या ओळींत स्वस्त फोनच थोडा पुढे होता!

पण आकड्यांत सगळं येत नाही. फ्लिपमधला स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ हा प्रोसेसर वरच्या श्रेणीचा. रेझरमधला डायमेन्सिटी ७३००एक्स मधल्या श्रेणीचा. रॅम एकात १२ जीबी, दुसऱ्यात ८ जीबी. व्हिडिओ कापाकापी करताना, जड गेम खेळताना हा फरक जाणवतो. व्हॉट्सॲप बघताना आणि हजेरी भरताना जाणवत नाही. वहिनींचा फोन उघडताना बिजागरी घट्ट आणि एकसारखी वाटली. मॅडमच्या फोनची पाठ चामड्यासारखी, हातातून न सटकणारी. ती मला जास्त आवडली, खरं सांगते.

खडूची पूड आणि 'आयपी'चा आकडा

दोन्ही फोनच्या माहितीत एक आकडा दिसतो. फ्लिपला आयपी ४८, रेझरला आयपीएक्स ८. हा आकडा वाचायला शिकून घ्या, कुठलाही फोन घेताना कामाला येईल.

यातला पहिला अंक धुळीसारख्या घन कणांसाठी असतो आणि दुसरा पाण्यासाठी. दोन्हींचा दुसरा अंक ८ आहे. म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग धरण्याची ग्वाही. पावसात शाळेत जाणाऱ्या माणसाला हे पुरे. पण पहिला अंक बघा. पूर्ण धूळबंद वस्तूला ६ मिळतो. ४ चा अर्थ एवढाच, की १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. आणि रेझरच्या एक्सचा अर्थ, धुळीबद्दल काहीच ग्वाही दिलेली नाही.

आता आपली खडूची पूड १ मिलिमीटरपेक्षा कितीतरी बारीक. फळा पुसला की ती पदरावर, टेबलावर, पर्समध्ये, सगळीकडे. घडीच्या फोनची बिजागरी आणि आतला नाजूक पडदा या पुडीत रोज सहा-सात तास राहणार. ४५ हजार जास्त मोजले तरी खडूपासून संरक्षणाचं वचन मला कुणीच देत नव्हतं. जाहिरातीत फोन हातात धरलेल्या बाईच्या मागे फळा नसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

भागाकार केला आणि उत्तर उलटलं

मग मी वहीत भागाकार मांडला. सॅमसंगने फ्लिप ६ ला ७ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देण्याचं सांगितलं आहे. मोटोरोलाने रेझर ५० ला सुरक्षेचे अपडेट ४ वर्षं. बँकेचे व्यवहार फोनवर करत असाल तर हे महत्त्वाचं.

७ वर्षं म्हणजे ८४ महिने. ₹१,०९,९९९ भागिले ८४, महिन्याला साधारण ₹१,३१०.
४ वर्षं म्हणजे ४८ महिने. ₹६४,९९९ भागिले ४८, महिन्याला साधारण ₹१,३५४.

बघा, महिन्याच्या हिशेबात महाग फोनच ४४ रुपयांनी स्वस्त निघाला! मी जवळजवळ उडीच मारली. हे गणित नवऱ्याला दाखवलं तर नाही म्हणायला त्याला तोंडच उरणार नव्हतं.

पण घडीचा फोन सात वर्षं घड्या सोसेल का? सॅमसंग आपल्या फ्लिपसाठी २ लाख वेळा उघडमिट करण्याच्या चाचणीचा आकडा सांगत आली आहे. दिवसाला १०० वेळा उघडला तर २ लाखांना २००० दिवस लागतात, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आतबाहेर. त्यानंतर फोन मोडलाच असं नाही, पण चाचणीची हद्द तिथे संपते. मग प्रश्न उरला, मी दिवसातून फोन किती वेळा उघडते? मनात म्हटलं, असेल तीस-चाळीस वेळा.

वर्गातल्या ४३ खुणा

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मी वर्गात ताळ्याच्या खुणा शिकवायला घेतल्या. तुम्हाला माहीत आहेच, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी. गट पाडले आणि सांगितलं, दिवसभर काहीतरी मोजा. एका गटाने रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाक्या मोजल्या. एकाने लिंबाच्या झाडावर आलेले पक्षी मोजले. तिसऱ्या गटाची वही शेवटी आली. पाचाचे आठ गठ्ठे आणि वर तीन सुट्या रेघा. एकूण ४३.

"काय मोजलंत रे?" मी विचारलं.

गट खाली बघायला लागला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही फोन किती वेळा बघितला ते."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मी काय सांगणार होते? ऑनलाइन हजेरी फोनवर, पोषण आहाराची माहिती फोनवर, उपक्रमाचे फोटो फोनवर, आणि ग्रुपवर 'माहिती तात्काळ पाठवा' चा मेसेज येतो तोही फोनवर. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही. पण खरं सांगायचं तर त्या ४३ मधल्या सगळ्याच खुणा शासनाच्या नव्हत्या. काही माझ्या होत्या. त्यात घडीच्या फोनचे व्हिडिओ आणि त्यांचे भाव बघणंही होतं.

त्या संध्याकाळी मी घरी स्वतःच्या खुणा मांडल्या. झोपेपर्यंत ६७ झाल्या. शाळेतल्या ४३ धरून ११०. दिवसाला ११० घड्या म्हणजे २ लाखांचा आकडा जेमतेम पाच वर्षांत संपला. मग ₹१,०९,९९९ भागिले ६० महिने, महिन्याला ₹१,८३३. झालं, गणित पुन्हा उलटलं आणि रेझर स्वस्त ठरला. बाहेरच्या पडद्यावर कामं केली तर काही घड्या वाचतील, हे खरं. पण तोवर मला कळून चुकलं होतं, की मी मोजायला चुकीचीच गोष्ट घेतली होती.

मला घडीचा फोन कशाला हवा होता?

वहीच्या पुढच्या पानावर मी कारणं लिहिली. एक, अर्धवट उघडून टेबलावर उभा राहतो, म्हणजे पाठाचा व्हिडिओ काढताना कुणाला धरायला लावायला नको. दोन, मिटला की बघणं कमी होईल. तीन, तो टक् आवाज.

पहिल्या कामात दोन्ही फोन सारखेच चांगले. बाजारातून मोबाइलचा छोटा स्टँड आणला, तर तेच काम शेकड्यांत होतं. हजारांचा प्रश्नच नाही. दुसऱ्या कारणाची गंमत बघा. रेझरच्या बाहेरच्या पडद्यावर बहुतेक ॲप सरळ चालतात. फ्लिपच्या बाहेरच्या पडद्यावर मुळात मोजकीच कामं होतात, बाकीची ॲप हवी असतील तर सेटिंगमध्ये खटपट करावी लागते. सोय हवी असणाऱ्याला रेझर पुढे. बघणं कमी करायचं असणाऱ्याला फ्लिपची अडचणच सोयीची. एकच गोष्ट, पण कशात मोजता त्यावर निकाल फिरतो. आणि तिसरं कारण तर वीस वर्षांपूर्वीच्या मुलीचं होतं. तिला मी नाही म्हटलं नाही, फक्त थांब म्हटलं.

मग कोणता घ्यावा?

तुम्ही विचाराल, बाई, निकाल सांगा. सांगते.

फोनवर व्हिडिओचं, संपादनाचं काम असेल, एकच फोन बरीच वर्षं जपून वापरायची सवय असेल आणि पैसे कर्ज न काढता बाजूला निघत असतील, तर फ्लिप ६ चे जादा पैसे वाया जात नाहीत. वहिनींना तो शोभतो. घडीची हौस आहे, काम साधं आहे आणि तीन-चार वर्षांत फोन बदलायचाच आहे, तर रेझर ५० घ्या, वाचलेले पैसे हाताशी ठेवा. आमच्या मॅडमनी तेच केलं आणि त्या खूश आहेत. मात्र दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी वर्गात तो खडूपासून लांब ठेवा, आणि आतल्या पडद्याला नख लागू देऊ नका.

मी स्वतः काय केलं? जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली आणि एक स्टँड आणला. फोन आता वर्गातल्या कपाटात असतो. हजेरीला बाहेर येतो, मधल्या सुट्टीत येतो, आणि पाठाचा व्हिडिओ काढायचा असेल तेव्हा. ग्रुपवरच्या 'तात्काळ' ला अजून तरी मधल्या सुट्टीपर्यंत धीर धरता आला आहे.

पंधरा दिवसांनी त्याच गटाला मी परत मोजायला सांगितलं. मुलीने वही आणून दिली. पाचाचा एक गठ्ठा आणि चार सुट्या रेघा. "बाई, नऊच झाले," ती जरा नाराजीने म्हणाली. तिला मोठी संख्या मांडायची होती.

आता तुमचा गृहपाठ. नवा फोन बघायच्या आधी एक दिवस आपल्या खुणा मांडा. जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी मांडायला सांगा, आपण स्वतःच्या खुणा कमी मोजतो. मग किंमत, वर्षं आणि ती संख्या शेजारी शेजारी लिहा आणि भागाकार करा. आणि उत्तर काढण्याआधी माझ्या चौथीच्या वर्गासारखं एकदा विचारा, "कशात?"