आमच्याच घरचे सूर

शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या चुकीत एक विशेष असतो. ती तीस-चाळीस मुलांच्या देखत घडते, आणि ती घडत असता शिक्षक बहुधा स्वतःस न्यायासनावर बसलेला समजत असतो. अशी एक चूक तीन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमीत आमच्या हातून घडली. तिची कबुली द्यावी, आणि तिच्या निमित्ताने संगीताच्या इतिहासातील काही प्रसंग वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या दिवशी इयत्ता नववीतील एक मुलगा गिटार घेऊन आला होता. 'उपासना संगीता'तील एक जुने, संथ गीत चालले होते. पहिले कडवे नेहमीच्या चालीवर झाले. दुसऱ्या कडव्यास त्या मुलाने लय एकाएकी दुप्पट केली आणि ठेका असा धरला की मागच्या बाकावरील मुलांचे पाय आपोआप हलू लागले. आम्ही पेटी वाजविण्याचे थांबलो. "हे देवाचे घर आहे. रॉक अँड रोलचा असला धांगडधिंगा येथे चालावयाचा नाही," असे आम्ही त्यास सर्वांदेखत सुनावले. तो काही बोलला नाही. त्याने गिटार पिशवीत घातली. पुढच्या तालमीस तो आला, पण रिकाम्या हाताने. शेवटच्या रांगेत उभा राहिला, आणि त्याचे नुसते ओठ हलत होते. आपण शिस्त राखली याचे आम्हांस त्या वेळी समाधान वाटले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुढे उन्हाळ्याच्या सुटीत एके रात्री मोबाईलच्या लहानशा पडद्यावर एक जुने चित्रण आमच्या पाहण्यात आले. स्थळ इंग्लंडमधील मँचेस्टर शहराजवळचे एक बंद पडलेले रेल्वे स्थानक, साल १९६४. एका फलाटावर प्रेक्षक बसले आहेत, समोरच्या फलाटावर गाणारे आहेत. पावसाने सर्व काही ओले झाले आहे. इतक्यात घोडागाडीतून एक प्रौढ कृष्णवर्णीय बाई उतरते, गळ्यात विजेवरची गिटार अडकविते, आणि नोहाच्या काळच्या जलप्रलयाचे गीत म्हणू लागते. तिच्या बोटांतून निघालेला ठेका ऐकून आम्ही उठून बसलो. तो आमच्या त्या विद्यार्थ्याचाच ठेका होता!

या बाईंचे नाव सिस्टर रोझेटा थार्प. 'सिस्टर' म्हणजे जोगीण नव्हे. त्यांच्या मंडळीत स्त्रियांस भगिनी म्हणण्याची रीत होती. त्यांचा जन्म १९१५ साली अमेरिकेतील आर्कान्सा संस्थानात झाला. आई सुवार्ता सांगत फिरे, आणि मुलगी अगदी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार वाजवून देवाची गीते गाई. ज्या मंडळीत त्या वाढल्या तेथे टाळ्या, डफ आणि नाचणारे पाय हे उपासनेचेच अंग मानले जात होते. १९३८ साली त्या न्यूयॉर्कमधील कॉटन क्लब या रंजनगृहात गाऊ लागल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मंडळीतील पुष्कळ लोक दुखावले. तथापि १९४४ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले एक भक्तिगीत पुढील वर्षी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय मुद्रिकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि रॉक अँड रोलच्या अगदी आरंभीच्या मुद्रिकांत आज अनेक अभ्यासक तिची गणना करतात.

१९४७ साली जॉर्जिया संस्थानातील मेकन गावी रोझेटाबाईंचा कार्यक्रम होता. त्या सभागृहात शीतपेये विकणारा एक चौदा वर्षांचा मुलगा त्यांचीच गीते गात असल्याचे त्यांच्या कानी पडले. त्यांनी त्यास हाकलले नाही. उलट रंगमंचावर बोलावून गावयास लावले, आणि वर पैसेही दिले. तो मुलगा पुढे लिटल रिचर्ड या नावाने जगप्रसिद्ध झाला. हा प्रसंग वाचला तेव्हा आमची मान खाली गेली. मुलगा तसाच होता, त्याचे वयही तेच होते. फरक काय तो ऐकणाऱ्यात होता.

मग आम्ही या इतिहासाच्या मागेच लागलो, आणि जिकडे पाहावे तिकडे देवळाचे दार दिसू लागले. थॉमस डॉर्सी हे आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज गाणी वाजवीत. १९३२ साली ते परगावी असता त्यांची पत्नी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी जे प्रार्थनागीत रचले ते पुढे जगभर गायिले गेले. परंतु त्यांच्या चालींत ब्लूजचा वास येतो म्हणून आरंभी अनेक मंडळ्यांनी त्यांस दार बंद केले होते. याच डॉर्सींचे दुसरे एक गीत एल्विस प्रेस्ली यांनी ६ जानेवारी १९५७ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हटले. त्या दिवशी प्रेस्लींच्या अंगविक्षेपांस भिऊन त्यांचे चित्र केवळ कमरेपर्यंत दाखविण्यात आले होते. ज्यांस अर्धे झाकावे लागले, तेच त्या रात्री भक्तिगीत गात होते! पुढे प्रेस्लींस ग्रॅमी हे मानाचे पारितोषिक तीन वेळा मिळाले, तेही तिन्ही वेळा भक्तिसंगीतासाठीच.

हे गाणारे लोक निश्चिंत मनाने गात होते असे मात्र कोणी समजू नये. पाळकाचे पुत्र सॅम कुक यांनी १९५६ साली आपली पहिली प्रेमगीताची मुद्रिका निराळ्या नावाने काढली. भक्तिगीते ऐकणारे श्रोते दुरावतील हे भय त्यांस होते. १९५७ साली मेम्फिस येथे जेरी ली लुईस ध्वनिमुद्रण चालू असताना मध्येच थांबले, आणि हे संगीत सैतानाचे आहे की काय, यावर सॅम फिलिप्स यांच्याशी वाद घालू लागले. तो वाद फितीवर आजही ऐकावयास मिळतो. त्याच वर्षी लिटल रिचर्ड यांनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात असताना हे गाणे सोडल्याचे जाहीर केले आणि ते ईश्वरविज्ञान शिकावयास गेले. १९६२ साली ते पुन्हा त्याच गाण्याकडे वळले. तालमीच्या दिवशी आम्ही जो प्रश्न एका वाक्यात निकालात काढला, तो या माणसांस जन्मभर सुटला नव्हता.

कोणी म्हणेल की हे सर्व परदेशचे. परंतु या सुरांस सह्याद्रीही अडवू शकला नाही. १९५८ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतील काही मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचे एक वाद्यवृंद मंडळ काढले, आणि त्यात लिटल रिचर्ड यांची गाणी वाजविली जात. पियानोवर बसणारा बारा वर्षांचा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखला गेला. मेकनच्या सभागृहात एका बाईंनी एका मुलास हाक मारली, आणि अकरा वर्षांनी पाचगणीच्या शाळेत तिचा पडसाद उमटला.

या संगीतात सर्व काही देवळातूनच आले असे आम्ही म्हणत नाही. ब्लूज, बुगी-वुगी आणि गोऱ्या खेडुतांची गाणी यांचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि त्यातील सर्वच गाणी विद्यार्थ्यांनी म्हणावीत अशी नाहीत. परंतु तेथे या ठेक्याचा जो तिरस्कार झाला, त्यात नीतीच्या काळजीइतकाच वर्णाचा द्वेषही होता. येथे आम्हांस आमच्या घरातील एक गोष्ट आठवते. आमचे पणजोबा गावात हलगी वाजवीत. बाप्तिस्मा झाल्यावर ती हलगी खुंटीस लागली; देवाच्या घरात ती शोभणार नाही असे त्यांस कोणीतरी सांगितले होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजने रचून देशी सूर आमच्या उपासनेत मानाने आणले. परंतु पणजोबांची हलगी पुन्हा वाजली नाही. आजी ही गोष्ट सांगताना हळहळत असे. तिचाच नातू एका मुलाची गिटार पिशवीत घालावयास लावतो, याला काय म्हणावे? १५० व्या स्तोत्रात डफ, नृत्य, तंतुवाद्ये आणि झणझणणाऱ्या झांजा ही सर्व स्तुतीची साधने म्हणून सांगितली आहेत, आणि ते स्तोत्र आम्ही मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेतो.

रोझेटाबाई १९७३ साली फिलाडेल्फिया येथे वारल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या कबरेवर नावाचा दगडही नव्हता. २०१८ साली रॉक अँड रोलच्या सन्मानितांत त्यांचे नाव घालण्यात आले. जगास आपली चूक सुधारण्यास एवढा वेळ लागला. आम्हांस तेवढा वेळ मिळेलच असे नाही.

सुटी संपल्यावर आम्ही त्या मुलास बोलावून घेतले आणि आमचे चुकले असे सांगितले. तो संकोचून म्हणाला, "असू द्या, सर." गिटार आण म्हटले, तेव्हा ती विकली असे त्याने खाली पाहत सांगितले. पुढे दहावी उत्तीर्ण होऊन तो पुण्यास गेला. आम्ही त्याची क्षमा मागितली ती एका खोलीत, दोघेच असताना. त्याचा अपमान केला होता तो मात्र सर्वांसमक्ष. हे बरोबरीचे झाले नाही. त्याचा धाकटा भाऊ यंदा आमच्याच शाळेत सातवीत आहे, तेव्हा या अंकाची एक प्रत त्या घरी जाईलच. म्हणून जे त्या दिवशी सर्वांसमक्ष बोललो, ते आज सर्वांसमक्ष परत घेत आहोत.

यंदाच्या नाताळच्या तालमी पुढील आठवड्यापासून सुरू होत आहेत. ज्या विद्यार्थ्याजवळ गिटार, ढोलकी, हलगी किंवा दुसरे कोणतेही वाद्य असेल, त्याने ते घेऊन यावे. दुसऱ्या कडव्यास लय वाढली तर पेटी थांबणार नाही.