आधी काठी की आधी गळ?

हाताशी पैसा नसला म्हणजे माणसाला एकच विवंचना असते. तो आला म्हणजे दहा सुरू होतात. २०२४ सालच्या दिवाळीनंतर एका कथेच्या मानधनाचे चार हजार रुपये माझ्या हातात पडले आणि घरात एकदम सर्वांना माझ्याविषयी प्रेम वाटू लागले. सौभाग्यवतीने मिक्सरचे तडकलेले भांडे मुद्दाम माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आणून ठेवले. चिरंजीवांनी आपल्या बुटांचे तळ दाखवले. पण मी आधीच दादांना शब्द देऊन बसलो होतो. यंदा मासेमारीचे सामान नवे करायचे!

आंबिवली म्हणजे शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले स्टेशन. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारी मंडळी ते खिडकीतून पाहतात आणि विसरून जातात. पण आम्हांला दोन नद्यांचा शेजार आहे. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास मोहन्यावरून जाते आणि माळशेजच्या बाजूने येणारी काळू पुढे तिलाच मिळते. दादांनी या दोघींच्या काठी आपले निम्मे रविवार घालवले. उरलेले निम्मे रेल्वेने घेतले. ते कल्याणच्या यार्डात पॉइंट्समन होते. लाल दिवा, हिरवा दिवा, रुळांचा सांधा यांवर त्यांचा संसार झाला. डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी व्हायचीच आणि दरवेळी पास झाल्याचे ते घरी पेढे आणून सांगायचे. आज बाहत्तराव्या वर्षीही कोणी चष्म्याचा विषय काढला, की ते म्हणतात, “सरकारने तीस वर्षे तपासलेले डोळे आहेत हे!”

आमचे सामान म्हणजे एक जुना बांबू, त्याला बांधलेला तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंग, शिशाच्या दोन गोळ्या आणि एक गळ. डबा बिस्किटांचा, आमिष कणकेच्या गोळीचे. या सरंजामावर दादांनी एके काळी हाताएवढे रोहू काढले होते. अलीकडे मात्र आम्ही रिकाम्या हातांनी परत येत होतो. सौभाग्यवती दारातच विचारी, “आज मासे भेटायला आले होते का?”

तेव्हा प्रश्न असा पडला, की आधी काय बदलावे? माझे मत काठीच्या बाजूने होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात मी कार्बनची काठी पाहिली होती. काळीभोर, हलकी, एकात एक सरकून बसणारी आणि खाली रीळ असलेली. ती हातात घेताच आपण मास्तर नसून कोणीतरी संस्थानिक आहोत असे मला वाटले. मी माझ्या बाजूने पुरावेही गोळा केले. आयझॅक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर १६५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, हे दादांना ऐकवले. त्याच्याही पाचशे वर्षे आधी चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद हा राजांचा खेळ म्हणून वर्णिला आहे, हेही सांगितले. दादांनी विचारले, “हा राजा कुठला?” मी म्हटले, “कल्याणीचा.” क्षणभर त्यांचा चेहरा फुलला. ती कल्याणी म्हणजे आपले कल्याण नव्हे, कर्नाटकातले बसवकल्याण, असे मला नाइलाजाने सांगावे लागले. “मग त्याला आपल्या नदीचे काय कळणार!” असे म्हणून त्यांनी राजाला निकालात काढले.

दादांचा सिद्धांत सोपा होता. माशाच्या तोंडापासून सुरुवात करावी आणि माणसाच्या हातापर्यंत यावे. माशाला काठी दिसत नाही. त्याची गाठ पडते ती गळाशी. म्हणून आधी गळ. तो अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहावा. नखावर अडला तर धारदार, घसरला तर बोथट. त्यानंतर तंगूस. उन्हात पडून पडून तो कमजोर होतो, दगडाला घासून त्याला खाचा पडतात. शेवटचा वावभर भाग दोन बोटांतून सरकवला म्हणजे त्या कळतात. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, नाहीतर घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते. काठी सर्वांत शेवटी. “काठी लोकांना दाखवायची असते,” दादा म्हणाले. मी गप्प बसलो, कारण वार माझ्या वर्मावर बसला होता. पहिली कादंबरी लिहायच्या आधी मी भारी पेन विकत घेतले होते, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दीडशे रुपयांत नवे गळ आणि नवा तंगूस आला. पुढचे तीन रविवार गेले. मासा नाही. दादा चिडले. गळ हलका आहे म्हणाले, तंगूस जाड आहे म्हणाले, कणकेत हळद जास्त पडली म्हणून सुनेलाही त्यांनी दोष दिला. मी मनातून खूष झालो. आता काठीची पाळी!

चौथ्या रविवारी मी स्वतः गळ टाकला नाही. शाळेत मुलाचे गणित चुकते, तेव्हा मी उत्तर पाहत नाही, पायऱ्या पाहतो. तसाच दादांच्या शेजारी बसून पाहत राहिलो. आणि माझ्या लक्षात आले, की गळ दरवेळी वर येतो तो अगदी साफ, कणीक खाऊन टाकलेली. तंगूस कच्चा असता तर तो तुटला असता. गळ बोथट असता तर मासा क्षणभर हाताला ओढ देऊन सुटला असता. यांपैकी काहीच होत नव्हते. मासा येत होता, निवांत जेवत होता आणि जात होता. हात उशिरा उठत होता.

तेवढ्यात तरंग थरथरला, आडवा झाला आणि गडप झाला. दादा पाण्याकडे टक लावून बसले होते. काठी जागची हलली नाही. मी श्वास रोखून धरला. थोड्या वेळाने तरंग रिकामाच वर आला. दादा माझ्याकडे न पाहता अगदी हळू आवाजात म्हणाले, “बुडाला होता का रे?”

त्या चार शब्दांनी काठी, रीळ, वॉल्टन, सोमेश्वर सारे माझ्या मनातून पुसले गेले. ज्या माणसाने अंधाऱ्या यार्डात दुरून दिवे वाचले, तो चार हातांवरच्या मोरपिसाविषयी आपल्या मुलाला विचारत होता. आणि किती दिवस तो हे एकट्यानेच जाणत होता कोण जाणे!

मी म्हटले, “ऊन चमकतंय दादा, मलाही नीट दिसलं नाही.” आयुष्यात मी पुष्कळ कल्पित लिहिले आहे, पण इतके मनापासून कधी लिहिले नाही.

घरी येऊन सौभाग्यवतीची लाल नखपॉलिश त्या तरंगाला लावली. पुढच्या रविवारी दादांना तो थोडा बरा दिसला. लाल पाहायची सवय त्यांच्या डोळ्यांना जन्माची होती. परतताना रुळांच्या कडेला ते थबकले आणि आपणहोऊन म्हणाले, “दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसतात. दाखवून घ्यावेत म्हणतो.” तपासलेले डोळे पुन्हा तपासायला ते इतके दिवस का भीत होते, ते मला तेव्हा कळले. नापास होण्याची त्यांना सवयच नव्हती!

मोतीबिंदू होता. २०२५ च्या जानेवारीत एका डोळ्याची शस्त्रक्रिया निवृत्तांच्या सवलतीत झाली. थेंब, काळा चष्मा आणि रिक्षा यांत माझे मानधन कामी आले. उरले त्यात मिक्सरचे भांडे आले.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा मोहन्याला उल्हासच्या काठी बसलो. तोच बांबू, तोच लाल तरंग. समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. दादा म्हणाले, “हा एवढा निळा असतो?” मग त्यांची नजर पाण्यावर गेली. हिरवी जलपर्णी पसरली होती आणि तिच्यात पिशव्या, बाटल्या अडकल्या होत्या. “मला वाटायचं पाण्यावर झाडांची सावली पडलीय,” ते खिन्नपणे म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले आणि पाहतच राहिले.

“अरे मास्तर, तुझे केस कधी पिकले?”

मी काही बोललो नाही. तेवढ्यात तरंग बुडाला. यावेळी मला तो दिसला नाही, दादांना दिसला. जुना बांबू झटक्यासरशी वर उठला आणि टोकाला बोटभर मासळी चमकली. दादांनी तिच्या तोंडातला गळ अलगद सोडवला आणि तिला परत पाण्यात सोडून दिले.

ती कार्बनची काठी अजून दुकानात आहे. तिचा विचार पुढच्या मानधनाला करू म्हणतो. पण दादांच्या दुसऱ्या डोळ्याची पाळी आधी आहे.