वडीगोद्रीच्या फाट्यावरून

गर्दी स्थळाची नसते, तिथीची असते, हे मला आईच्या गुडघ्यांनी शिकवले.

गेल्या साली नवरात्रात आम्ही अंबडच्या मत्स्योदरीला गेलो. माशाच्या आकाराची ती टेकडी माणसांनी फुलून गेली होती. रांग काही केल्या सरकेना. आई पायरीवरच बसली. म्हणाली, "इथूनही नमस्कार पोचतो रे!" पण घरी येईपर्यंत ती बोलली नाही.

दिवाळीच्या सुटीत घरची मंडळी वेरूळला निघाली. मी आईला घेऊन बीडहून एस.टी.त बसलो. शहागडला गोदावरी ओलांडली आणि पुढे वडीगोद्रीला उतरलो. धुळे-सोलापूर महामार्गावरून अंबड-जालन्याची वाट येथेच फुटते. चहा घेतला, दुसरी गाडी धरली.

देवीचे मंगळवार-शुक्रवार टाळून मुद्दाम बुधवार गाठला होता. पायऱ्या मोकळ्या होत्या. आई दोनदा टेकली, तिसऱ्यांदा गाभाऱ्यापाशीच. "चला, पुढे चला" म्हणणारे कोणी नव्हते. अर्धा तास ती देवीशी काय बोलली, मी विचारले नाही.

वेरूळकर मंडळी मंगळवारी पोचली. त्या दिवशी लेणी बंद!

आई मात्र परतताना वडीगोद्रीला म्हणाली, "पुढच्या सालीही बुधवारच बघ हो."